तिनं मॅडम मागतली अन् मी हसली

डॉक्टरनं घंटी दाबली. कंपाउंडर आत आला. डॉक्टरनं माह्या पोरीकडे बोट केलं अन् बाहेरच्यांले ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "सुनो भाई, हमारी पोछा वाली की बिटिया को लेडी थेरेपिस्ट चाहिए. अमरीका समझ रखा है."

कंपाउंडर हसला. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेले दोघं-तिघं हसले.

मी पण हसली.

हे पहिले सांगून टाकते. बाकीचं मग. मी त्या पोरीची आई. तिच्या खुर्चीमागं उभी होती. सायबानं जोक केला, म्हणून हसली. कोणी माह्यावर बंदूक धरली नव्हती.

त्याच्या आधी डॉक्टरनं तिले विचारलं होतं, "किसी लड़के का चक्कर है?" मग म्हणे, "बोलो. मम्मी के सामने शरम आ रही है?" ती खाली मान घालून म्हणली, "सर, मुझे किसी मैडम से बात करनी है." बस. एवढंच मागतलं तिनं. एक बाई मागतली, बोलायले.

पोरगी एकोणीस वर्षांची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाले. तिचं नाव मी सांगणार नाही. तेवढं तरी तिचं तिच्यापाशी राहू दे. दोन महिन्यांपासून कॉलेज सोडलं होतं. ताटात बोटं फिरवायची अन् उठायची. न्हाणीत गेली की तास तास पाणी वाहायचं. तिचा बाप भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ठेक्यावर. आमचे लोक मूळचे भंडाऱ्याकडचे, आजेसासरे इथं भट्टी उभी राहत होती तेव्हा आलेले. बापानं दोनदा विचारलं, "काय झालं व?" ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मग त्यानं विचारणं सोडलं. अन् मले म्हणला, "तू तर तिथंच काम करतं. दाखव ना डॉक्टरले."

मी तिथंच काम करत होती. सहा वर्षं. झाडू-पोछा, पाणी भरणं, अन् भीड झाली की नंबर पुकारणं. मार्केटातला मोठा दवाखाना, डोक्याच्या आजाराचा. एसी. काचेचं दार. मले त्या काचेच्या दाराचा गर्व होता, खोटं कावून बोलू. आमच्या रुआबांध्याच्या वस्तीतल्या बाया मले विचारत, "डॉक्टर कसा आहे?" मी म्हणायची, "देव माणूस."

त्या दिवशी मी पोरीले सायकलवर मागं बसवून घरी आणलं. रस्ताभर मीच बोलत होती. गोळ्या वेळेवर घे, म्हटलं. सर बोलतात तसे, पण मनानं चांगले आहेत, म्हटलं. घरी आली. चप्पल काढली. अन् माह्याकडे सरळ पाहून म्हणली,

"मम्मी, तू कावून हसली?"

मराठीत विचारलं. तशी ती घरातही आता अर्धं हिंदीच बोलते.

नोकरी जाईल म्हणून हसली, असं म्हणता येईल. पण तेही खरं नाही. नोकरीचा विचार करायले वेळच कुठं होता? तोंड आपोआप हसलं. सायेब हसला की हसायचं, ही माह्या तोंडाले सवय लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेली. हो, गेली. पोछा मारत होती अन् बाथरूमच्या दारात माहा हात थांबला. मले एक बाई आठवली.

नंदिनी नगरची होती, खाणीच्या वस्तीतली. दोन-अडीच वर्षं झाली असतील. सासूसंग आली होती. पंचवीस-सव्वीसची. मी तेच बाथरूम धुवत होती, ती आत आली, नळ चालू केला अन् त्या आवाजात मले म्हणली, "दीदी, यहाँ कोई लेडी डॉक्टर नहीं बैठती क्या?" मी म्हटलं, "नहीं बहन. सर बाप जैसे हैं. बोल दे सब, कुछ नहीं होता." तिनं नळ बंद केला. बाहेर गेली. तिचा नंबर मीच पुकारला. आत गेली अन् पाच मिनिटांत आली. सासू पुढं, ती मागं. ती परत कधी आली नाही.

मी तिले इसरून गेली होती. पूर्ण इसरून.

ती एकटी नव्हती. सहा वर्षांत किती जणींनी विचारलं असेल. कोणी डोळ्यांनी विचारलं, कोणी पाण्याचा गिलास घेताना. एका पोट्टीनं तर माह्या पदराले धरून विचारलं होतं. सगळ्याइले मी एकच बोलली. सर बाप जैसे हैं. कोणी मले तसं बोलायले शिकवलं नव्हतं. माह्या मनानंच बोलली. दार डॉक्टर उघडं ठेवायचा, पण बायाइले त्या दारातून आत ढकलायचं काम मी करत होती. अन् त्याच दारातून मी माही पोरगी ढकलली.

मग मी मॅडम शोधायले लागली.

दुपारी दवाखाना बंद असला की मागच्या पायरीवर बसून फोनले विचारायची, "मेरे आसपास महिला थेरेपिस्ट." फोन दाखवायचा चामडीची डॉक्टरीण. मसाजवाली. रायपूरचे पत्ते. एका नंबरवर लावला तर माणसानं उचलला, म्हणला मॅडम फक्त ऑनलाइन बोलतात. आमच्या घरी दीड खोली. पोरगी ऑनलाइन बोलणार कुठं, बापाच्या खाटेपाशी? एका ठिकाणी बाईनं उचलला. मले बरं वाटलं. तिनं पहिले जन्माची वेळ विचारली. मी फोन ठेवला.

प्लांटच्या कॉलनीत, सेक्टरमध्ये, एक बोर्ड दिसला. मॅडमचं नाव अन् खाली थेरेपिस्ट. मी सायकल लावली अन् आत गेली. तिथं म्हातारे लोक गुडघ्याले पट्टे बांधून बसले होते. मॅडम तरुण होती. मी सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या. माह्या पोरीले कोणाशी तरी बोलायचं आहे, ती बाईच पायजे म्हणते. मॅडमनं ऐकलं. म्हणली, "दीदी, मैं तो घुटने की हूँ." मले रडू आलं. मी हसली नाही अन् तीही हसली नाही. तिनं मले पाणी देलं अन् खुर्चीवर बसवलं. मी त्या खुर्चीवर बसली, सहा वर्षांत कोणत्या दवाखान्यात मी खुर्चीवर बसली नव्हती. तिनं दोन ठिकाणी फोन केले. मग एका कागदावर नाव लिहून देलं. दुर्गमधल्या एका बाईचं. आठवड्यातून दोन दिवस बसते.

पोरीले म्हटलं, "मॅडम आहे. दुर्गले. चलतं?"

ती म्हणली, "तू बाहर बैठेगी?"

मी म्हटलं, "बसीन."

म्हटलं खरं. पण तिथं गेल्यावर मीच पहिले आत घुसली. दुर्ग स्टेशनच्या मागं एका घरात वरची खोली. मॅडम पन्नाशीची, रेल्वेवाल्यांच्या घरातली, नागपूरकडची मराठी. तिनं पोरीले बसवलं अन् मले म्हणली, "ताई, तुम्ही बाहेर बसा."

"मी आई आहे तिची."

"हो. म्हणूनच."

मले राग आला. खरं सांगते, राग आला. डॉक्टरच्या जोकवर आला नव्हता, तो राग इथं आला. मी पोरीकडे पाहिलं. ती दाराकडे पाहत होती. मी बाहेर आली. मॅडमनं दार लावलं.

मी जिन्यावर बसली. काही वेळानं तिचं रडणं ऐकू आलं. लहानपणी ताप आला की रडायची तसं. मी उठली. कडीले हात लावला. अन् हात काढून घेतला. परत बसली. माह्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात जड काम ते. पाण्याच्या बादल्या काहीच नाही त्याच्यापुढं.

तासाभरानं मॅडमनं दार उघडलं. मले एवढंच सांगतलं की पोरगी दर आठवड्याले येईल. कधी गोळ्या लागल्या तर ती रायपूरच्या एका डॉक्टरणीकडे पाठवेल. मी विचारलं, "काय झालं तिले?" मॅडम म्हणली, "ते तिचं आहे. तिले वाटलं तर ती सांगेल."

तिनं अजून सांगतलं नाही.

दोन हप्त्यांनी दवाखान्यात एक बाई आली, नवऱ्यासंग. नवरा फोनवर बोलायले बाहेर गेला. तिनं मले खुणेनं बोलावलं. मले समजलं ती काय विचारणार. माहं तोंड त्या जुन्या शब्दांसाठी तयारच होतं, सर बाप जैसे. मी दात दाबून धरले. तिच्या नंबराच्या चिठ्ठीमागं दुर्गच्या मॅडमचा फोन लिहून देला.

कंपाउंडरनं पाहिलं. डॉक्टर बाहेर आला. पहिल्यांदा तो केबिन सोडून माह्यासाठी बाहेर आला.

"मेरे यहाँ खड़ी होकर मेरे मरीज भगाती है? बेटी तो पागल है ही, तू भी हो गई क्या?"

हॉल भरलेला होता. कोणी हसलं नाही. कदाचित मी हसली नाही म्हणून.

"माफी माँग. यहीं, सबके सामने."

मी पोछ्याचा दांडा भिंतीले टेकवला. मी म्हटलं, "माँगूँगी सर. पर आपसे नहीं."

अन् मी बाकावर बसलेल्या बायांकडे वळली. सात-आठ जणी असतील. मी म्हटलं, "बहनों, छह साल से जो भी औरत मुझसे लेडी डॉक्टर पूछती थी, मैं बोलती थी सर बाप जैसे हैं. मैंने झूठ बोला. मुझे मालूम ही नहीं था सर कैसे हैं, मैं तो बाहर खड़ी रहती थी. आपको बाई से बात करनी है तो वो आपका हक है. माँगो. मेरी गलती है, मुझे माफ करो."

कोणी माफ केलं नाही. कोण करणार? ज्यांच्याशी खोटं बोलली त्या तिथं नव्हत्याच. एक म्हातारी म्हणली, "बैठ जा बेटी." मी बसली नाही. डॉक्टर "निकल" म्हणायच्या आधी मी काचेच्या दारातून बाहेर आली होती.

मी नंदिनी नगरले दोनदा जाऊन आली. नाव माहीत नाही, फक्त चेहरा. खाणीच्या वस्तीत घरोघर काय विचारणार? पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्या बाया पाहत. ती दिसली नाही. जिवंत आहे का, तेही माहीत नाही. हे माह्यावर राहणार. पोरगी बरी झाली तरी राहणार.

पोरगी बरी झाली असं नाही. काही दिवस जेवते. काही दिवस परत भिंतीकडे तोंड. कॉलेजचा फॉर्म भरला आहे. माह्याशी बोलते, पण मी हसली की तिची नजर बदलते. मी पाहून राहिली आहे. मी तिची माफी मागतली, ती म्हणली, "ठीक है." ठीक है म्हणजे माफ केलं असं नाही. मी परत विचारलं नाही. विचारणार नाही. तिनं मले माफ करावं म्हणून तिच्यावर अजून एक ओझं कावून टाकू?

मी आता एका हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करते. पण वस्तीतल्या बायाइले मॅडमकडे जायचं तर दुर्ग दूर आहे. शिफ्टवाल्याची बायको, घरात लहान लेकरू, ती दुर्गले काय सांगून जाईल? मॅडम म्हणते, भिलाईत खोली भेटली तर हप्त्यातून एक दिवस मी येईन. म्हणून मी आमच्या वस्तीतल्या समाज भवनाच्या कमिटीकडे गेली. मागची खोली रिकामी पडली आहे, तिच्यात फाटक्या सतरंज्या ठेवतात. पाच माणसं बसली होती, चहा घेत. आमचेच लोक. अध्यक्ष म्हणला, "बाई, लग्नाच्या हॉलमध्ये पागलखाना खोलतं का? कोण येईल तिथं? लोक नाव ठेवतील."

मी म्हटलं, "भाऊ, पहिलं नाव माहं लिहा. मले बोलायचं आहे बाईशी. मी माह्या पोरीवर हसली, ते बोलायचं आहे."

चहाचे कप तसेच राहिले. कोणी हो म्हटलं नाही. पुढच्या रविवारी पाहू, म्हणले.

मी पुढच्या रविवारी गेली. नाही म्हणले. त्याच्या पुढच्या रविवारी वस्तीतल्या अजून दोघी संग आल्या, आम्ही तिघी गेलो. परत नाही म्हणले. येत्या रविवारी परत जाणार आहे. एक खोली पायजे, आतून कडी लागेल अशी, अन् आत एक बाई, जिच्याशी बोलता येईल. त्याच्यापेक्षा कमी काही मी घेणार नाही. आता मी हसून परत येत नाही.