दोन्ही बाजूंनी गाणारे शाहीर

शाहीर तुळशीरामजींची आणि माझी पहिली भेट त्यांच्या नागपुरातल्या नंदनवन भागातल्या घरी, अंगणातल्या पाण्याच्या टाक्यात झाली. मी पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. त्यांची मोटर बंद पडली होती म्हणून मी टाक्यात उतरलो होतो, आणि ते वर ओट्यावर डफ घेऊन कवन बसवत होते. ध्रुवपद आलं आणि माझ्या तोंडून नकळत झील गेली. मौद्याजवळच्या मामाच्या गावी लहानपणी ऐकून ऐकून शाहिराच्या ओळीचा शेवट उचलून धरायची सवयच लागली होती. डफ थांबला. त्यांनी टाक्यात वाकून विचारलं, "कोन्या गावचा गा तू?" त्या दिवशी मोटर सुरू झाली, आणि मी त्यांच्या झीलकऱ्यांत जाऊन उभा राहिलो, तो आजतागायत.

शाहीरजी मूळचे उमरेडच्या विणकर घरातले. माग थांबले तेव्हा ते नागपुरात आले, कापडाच्या दुकानात उभं राहून त्यांनी संसार केला. पण खडी गंमत, म्हणजे उभ्यानं गायचा शाहिरी सामना, सुटली नाही. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते. भरदुपारी दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात. एक शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. शाहीरजी तुऱ्याचे, म्हणजे पुरुषाला थोर मानणारे. समोर असायचे कन्हानचे शाहीर गणपतराव, कलगीचे, प्रकृतीला थोर मानणारे. एकदा गणपतरावांना ओळ आठवेना, तेव्हा आमचा ढोलकीवाला हसला. शाहीरजींनी तिथेच त्याची ढोलकी थांबवली आणि गणपतरावांना ओळ आठवेपर्यंत डफावर ठेका धरून ठेवला. समोरचा आहे म्हणून आपण आहोत, असं ते आम्हाला नंतर म्हणाले.

त्यांची माया मी घरातही अनुभवली. माझे वडील सरकारी दवाखान्यात पडून होते, तेव्हा शाहीरजी सिटी बसनं यायचे, वडिलांची दाढी करून द्यायचे आणि त्यांच्या आवडीचं भजन हळू आवाजात म्हणायचे. शेजारच्या खाटांवरचे लोकही मग बोलणं थांबवत. वडील गेले तेव्हा त्यांचा चेहरा स्वच्छ होता. ते ऋण मी बोलून दाखवू शकत नाही.

पण शाहीरजींचं नाव निघालं की मला आधी आठवते ती मामाच्या गावची मंडई. त्या पावसाळ्यात गणपतरावांना लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली. गावकऱ्यांनी दुसरी पार्टी बोलवायची तयारी केली होती. शाहीरजींनी नको म्हणून सांगितलं. गणपतरावांच्या मुलानं त्यांना आणून पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. शाहीरजींनी आपल्या बाजूनं सवाल टाकला: बी आधी, का भुई आधी? मग ते चालत पलीकडे गेले, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि गणपतरावांच्या चालीत, त्यांच्यासारखाच सूर ओढून जवाब दिला. दुपारभर त्यांचं हे इकडून तिकडे जाणं चाललं. शेवटी कलगीच्या बाजूनं ते गायले की भुईनं पोटात घेतलं नाही, तर बी नुसता दाणा. त्यावर तुऱ्याचा जवाब यायला हवा होता. ते आमच्या बाजूला परत आले, डफ खाली ठेवला, आणि आपण हरलो असं सगळ्यांसमोर सांगितलं. मग मंचावरून खाली उतरून म्हणाले, "गणपत, आज तू जिंकला गा."

गणपतराव चांगल्या हातानं खुर्चीच्या दांडीवर थापा मारत राहिले. लोक टाळ्या वाजवत होते.  परतीच्या जीपमध्ये, नागपूर जवळ आल्यावर, शाहीरजी म्हणाले, "हे त्याची जीभ चालत होती तेव्हाच म्हनायले पायजे होतं."

पुढच्या उन्हाळ्यात गणपतराव गेले. त्यांची पार्टी पांगली. त्यांचा ढोलकीवाला आता लग्नाच्या बँडमध्ये आहे. यंदा भाऊबीजेपासून मंडया सुरू होतील, पण बऱ्याच गावांनी डीजे ठरवला आहे. मामाच्या गावानं तेवढं शाहीरजींना बोलावलं आहे. ते आमंत्रण आलं तेव्हा त्यांना आनंद झाला नाही. ते म्हणाले, "मी साऱ्यायले आपल्याच बाजूनं गायाले शिकवलं. समोर कोन उभा राहीन, हे मले सुचलंच नाही."

त्यानंतर त्यांनी आमचे दोन भाग केले आणि मला कलगीकडे उभं केलं. गणपतरावांची कवनं ते आता आठवून आठवून शिकवत आहेत. बरीच हरवली. ज्यांना स्वतः जवाब दिला होता, तेवढीच त्यांच्या ध्यानात आहेत. परवा तालमीत माझी ओळ संपली तरी ते डोळे मिटून थांबून राहिले. गणपतराव अशा जागी काहीतरी टोमणा मारत असत. मला तो मारता आला नाही. मग त्यांनी डफ उचलला.

शाहीरजी, तुम्हाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि आम्हा चेल्यांना तुमच्याकडे अजून मागायचंच आहे. तुमचा दम टिकून राहो, डफावरचा हात शाबूत राहो, गुडघ्यांनी तुम्हाला कधी बसवू नये. यंदा मी हरणार, पुढच्या वर्षीही बहुतेक हरणार. तुम्हाला गप्प करील असा जवाब आमच्यापैकी कोणाला तरी सुचेपर्यंत तुम्ही समोर उभे राहा. आणि तो सुचला, तर त्याच्यावरही सवाल टाका.