गच्चीवरचा विषमुक्त दुधी

मी विषमुक्त जेवायला लागलो आणि चौथ्या महिन्यात मला विषबाधा झाली.

भिंगारमध्ये कारकुनी करणाऱ्या माणसानं मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले की त्याला शेतीतलं सगळं कळतं. (शेती मी कधी केलेली नाही, त्यामुळे अनुभव आड आला नाही.) घरात फर्मान काढलं, "ज्याचं खतपाणी ठाऊक आहे तेच ताटात येईल." गच्चीवर अकरा बादल्या आल्या. कपडे वाळत घालायच्या दोरीवर दुधीचा वेल चढला आणि बायकोचे, म्हणजे सुनीताचे कपडे शेजारच्या गच्चीवर गेले.

इथवर ठीक होतं. पण पारनेरकडून सासऱ्यांनी दरसालचं बाजरीचं पोतं पाठवलं, ते मी आल्या टेम्पोनं परत धाडलं. वर फोन करून विचारलं, "मामा, युरिया किती टाकलाय?" मामांनी फोन ठेवून दिला. सुनीतानं माझ्याशी बोलणं टाकलं.

महिन्यानं मीच मामांना जेवायला बोलावलं. माफी मागायला नव्हे, खरं अन्न कसं असतं ते दाखवायला! सुनीता भिंतीला म्हणाली, "आज नीट वागावं माणसानं. न्हाईतर माझे आबा पुन्हा ह्या घराची पायरी चढायचे न्हाईत."

स्वयंपाक मी एकट्यानं केला. मी दुधी चिरत असताना तिनं पुन्हा भिंतीलाच विचारलं, "फोड चाखली का?"

"बाजारातला आहे का चाखायला?" मी म्हणालो.

पानं वाढली. मामांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, तृप्तीनं. त्यांनी घास थुंकला.

"सुनीता, थुक. कडू जहर हाय."

सुनीता थुंकली. मी म्हणालो, "मामा, तुमची जीभ खताला सरावलीय. हा औषधी गुण आहे."

"पाव्हणं, दुधी चिरायच्या आधी फोड जिभेला लावत्यात. कडू निघाला तर ढोरंसुदिक खात न्हाईत."

आता ढोरांपेक्षा खाली उतरल्यावर माघार कशी घ्यायची? मी त्यांच्याकडे बघत बघत वाटी संपवली. मग दुसरी घेतली. कारलं गोड वाटावं अशी चव होती. अर्ध्या तासात पोटात कळ आली, उलट्या सुरू झाल्या, आणि ज्यांना मी अन्न शिकवणार होतो त्या सत्तरीच्या मामांनी मला धरून रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय प्यायलेत हे?"

"भाजी खाल्ली," सुनीता म्हणाली.

बाईंचा विश्वास बसेना. "खरं सांगा. घरात भांडण झालं होतं?"

"महिनाभर चालू हाय," सुनीता खरं तेच बोलली. बाईंनी पोलिसांना कळवायचा कागद पुढे ओढला.

मामा आडवे आले. "बाई, जीव द्यायचा न्हवता त्याला. शानपना दाखवायचा हुता. लई येडा हाय, पन जावई हाय माझा. बरा करा, मी हितंच थांबतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सलाईनचा हात सांभाळत मी मान डोलावली. तरी त्या पेन खाली ठेवेनात; म्हणाल्या, "जीव द्यायचा नव्हता, असं घरच्यांनी सही करून द्यावं लागेल."

तेव्हा लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुनीता चारचौघांत माझ्या बाजूनं उभी राहिली.

"येडेच हायेत बाई," ती म्हणाली, "कुठं सही करू?"