पंचवीस मिनिटांची वाट

नातवंडांना मी फार हुशार वाटते. बिचाऱ्यांनी नव्वदच्या दशकातली मी पाहिलेली नाही! तेव्हा माझी थोरली बहीण, आमची अक्का, दौंडला अंथरुणाला खिळली होती. तळेगाव ढमढेऱ्याहून दर आठवड्याला माझी खेप असायची. रीत ठरलेली : जी गाडी आधी सुटेल ती आपली. जीपमध्ये बूड टेकलं की अर्धं दौंड आलंच, अशी त्या शहाणीची समजूत.

लेक पुण्यात कॉम्प्युटर शिकत होती. सुट्टीत तिनं माझ्या खेपेचंच गणित मांडलं. कागदावर गावांचे गोल काढले, मधल्या रेघांवर मिनिटं लिहिली. गाडीसाठी थांबायची मिनिटंसुद्धा. आणि सुरुवात केली ती दौंडपासून.

"शेवटाकडनं कुणी चालतं व्हय गं?"

"ऐक तरी, आई. चौफुल्याहून दौंड चाळीस मिनिटं. मांडवगणहून, होडीनं नदी ओलांडून, एकशे दहा. हे एकदा लिहिलं की परत मोजायचं नाही. आता तळेगाव. मांडवगणची जीप लगेच सुटते, पाऊण तास. अधिक ते एकशे दहा. चौफुल्याच्या गाडीला अर्धा तास थांब, पुढं एक तास, अधिक चाळीस. कुठलं कमी?"

"चौफुला. पंचवीस मिनिटांनी. म्हंजी थांबणारा लवकर पोचतो? धन्य तुमचं कॉलेज!"

तिनं त्या वाटेवर लाल रेघ ओढली आणि कागद माझ्या पिशवीत सारला.

थोड्याच दिवसांनी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला : अक्का तुझं नाव घेतेय, लगेच नीघ. लेक दारातून ओरडली, "आई, चौफुल्याचीच गाडी, हां!"

स्टँडवर मांडवगणची जीप गुरगुरत उभी. "मावशी, एकच शीट हाय, बसा पटकन!" अक्का बोलावतेय आणि मी बाकड्यावर अर्धा तास पाय हलवत बसू? बसले की! गाडी हलली तेव्हा मला वाटलं, जिंकले.

मांडवगणला होडी पलीकडच्या काठाला. हाका मारून घसा बसला. नावाडी मामा आले, आन् आणखी चार माणसं जमेपर्यंत निवांत बिडी ओढत बसले. नदीपार पुन्हा गाडीची वाट. दौंडला पोचले तर भाचीनं अक्काचे डोळे मिटवले होते.

"मावशी, पंधरा मिनिटं झाली. दाराकडंच बघत होती."

संध्याकाळी लेक आली. "कुठल्या वाटेनं गेलीस?"

चाळिशी उलटलेली मी, तोंड वर करून म्हणाले, "तुझ्याच कागदानं."

माझ्या पिशवीतून कागद काढून ती अक्काच्या ओट्यावर जाऊन बसली. जेवली नाही. आल्यागेल्या बायका कुजबुजल्या, सख्खी मावशी गेली, पण पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही.

तिसऱ्या दिवशी सावडून आलो तरी ती तिथंच, कागदाच्या मागच्या बाजूला बारीक आकडे लिहीत.

"आई, कितीदा केलं. दर वेळी चौफुलाच येतोय. माझं कुठं चुकलं गं?"

"तुझं न्हाई चुकलं. मी मांडवगणच्या जीपनं गेले."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग तीन दिवसांत पहिल्यांदा ती तिच्या मावशीसाठी रडली. मी जवळ घ्यायला हात पुढं केला, तर सरकून बसली.