पान सत्तावीस

आधीच सांगून टाकतो, मी या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी. कोणाच्या माळ्यावर पावलं वाजली की खाली ‘उंदीर असतील’ ही कमेंट बहुतेक माझीच असते. त्यामुळं आज तुम्ही माझी खेचलीत तरी चालेल... खरं तर खेचाच.

क्रांती चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर माझं टाइपसेटिंगचं ऑफिस आहे. प्रबंध, नियतकालिकं, स्मरणिका अशी कामं. बोर्डावर ‘शुद्ध आणि अचूक’ असं लिहिलंय आणि त्याचा मला नको तितका तोरा आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पान क्रमांक, एकूण पानं, आजची तारीख या गोष्टी आम्ही टाइप करत नाही. त्यांचे तयार व्हेरिएबल आतच असतात. पानाच्या तळाशी नुसतं व्हेरिएबलचं नाव द्यायचं, आकडा प्रोग्रॅम स्वतः मोजून घालतो. एखादं पान काढलं की पुढचे आकडे आपोआप सरकतात.

आमच्या भागातल्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. काम मी फुकट करत होतो, कमिटीतही होतो. त्यात एक पान साळवे काकांचं होतं. काका जुने कंपोझिटर, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे. एकोणिसाव्या वर्षी मी प्रेसमध्ये लागलो तेव्हा हा धंदा मला त्यांनीच शिकवला. आता हर्सूलला मुलाकडं असतात. लेख देताना म्हणाले होते, “संजू, जिंदगीभर दुसऱ्याचं जुळवलं. ह्ये एक पान आपल्या नावाचं.” प्रूफ दाखवलं तर आपल्या नावावरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसले. त्यांचं पान सत्तावीस नंबरचं होतं.

त्या पानात त्यांनी माझा एक किस्सा लिहिला होता. लग्नपत्रिकेत मी नवरदेवाच्या चांगल्या धडधाकट आजोबांच्या नावापुढं ‘कै.’ लावलं होतं! पत्रिका वाटून झाल्या, आजोबा स्वतः काठी घेऊन प्रेसवर आले. काकांनी सगळं हसत हसत लिहिलं होतं. शेवटी एकच वाक्य — ‘पुढं मी दुसऱ्या प्रेसला गेलो.’ खरं काय झालं ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. चूक आपण केली असं मालकाला सांगून त्यांनी माझी नोकरी वाचवली आणि स्वतःची घालवली.

आणि मी ते पान काढलं.

का, तर कमिटीत दोन प्राध्यापक. त्यांचे विद्यार्थी माझ्याकडं प्रबंध देतात. ‘शुद्ध आणि अचूक’वाला जिवंत माणसाला कैलासवासी करून बसला होता, हे त्यांनी वाचावं असं मला वाटेना. एका मोठ्या कागदावर एकदम छापतात ती आठ पानं म्हणजे एक फॉर्मा; असे पाच फॉर्मे, म्हणजे चाळीस पानं; आपली एक्केचाळीस होतायत, असं कमिटीत सांगितलं. एक जाहिरात काढली असती तरी भागलं असतं.

भर दुपारी, चहा पिता पिता, ते पान काढून फाइल परत चालवली. पानं चाळीस आली. पण आकडे... सव्वीसनंतर थेट अठ्ठावीस. शेवटच्या पानावर ‘४१ / ४१’. मधे सत्तावीस नाहीच.

असं होतं कधी कधी, फाइल दोनदा चालवली की ठीक होतं. मी दहादा चालवली. प्रोग्रॅमनं आधी बनवलेल्या जोडफाइली सगळ्या उडवल्या, कोरी फाइल घेऊन मजकूर नव्यानं भरला. तेच. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिच्या लॅपटॉपवर चालवून बघितलं. ती म्हणाली, “पप्पा, काउंटर कोणी पुढं ढकललाय का?” दोघांनी ओळ न् ओळ तपासली. कुठं काही नव्हतं. “विअर्ड आहे,” म्हणून ती क्लासला गेली.

मग मी जे कधीच करत नाही ते केलं. व्हेरिएबल काढून चाळीसच्या चाळीस पानांवर आकडे हातानं टाइप केले. हे मी मुलीलाही सांगितलं नाही.

पाचशे प्रती छापून आल्या. प्रकाशन रविवारी सकाळी होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. प्रत हातात पडताच त्यांनी सरळ सत्तावीस नंबरचं पान उघडलं. तिथं एका क्लासची जाहिरात होती. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. मी जवळ जाऊन म्हणालो, “काका, फॉर्मा बसत नव्हता हो.” म्हणजे ज्यांनी मला फॉर्मा लावायला शिकवलं, त्यांनाच!

“व्हय... नसंल बसत,” ते म्हणाले. मग त्या आकड्यावर बोट ठेवून हळूच विचारलं, “ह्ये आकडे हातानं का टाकले रं, संजू?”

छापलेल्या पानावर ते कोणालाही ओळखू येत नाही, मलाही नाही. आणि काकांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. मी काहीतरी पुटपुटलो आणि खुर्च्या लावायला गेलो... खुर्च्या लावलेल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी व्हेरिएबल परत घातला, काकांचं पान जागेवर ठेवलं, फाइल चालवली. एक ते एक्केचाळीस, सगळे आकडे ओळीत. मग ते पान पुन्हा काढून पाहिलं — सव्वीस, अठ्ठावीस.

पूर्ण एक्केचाळीस पानांची एक प्रत छापून, बांधून घेतली आणि हर्सूलला गेलो. काकांनी आपलं पान सावकाश वाचलं, आजोबांच्या काठीपाशी हसलेसुद्धा. सुनेला चहा टाकायला सांगितला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात प्रत मिटून त्यांनी विचारलं, “बाकीच्या पाचशात हाय का?”

मी मान खाली घातली. चहा आला, तो घेऊन मी निघालो.

ती फाइल अजून माझ्याकडं आहे. कोणाला तपासायची असेल तर ऑफिसला या, आकडा का उडी मारतो ते मला खरंच कळलेलं नाही. पान का काढलं ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे... आणि हर्सूलला जाऊनही काकांना मी तेच सांगितलं नाही.