विसणाचं पाणी

माझे धाकटे दीर शहरातल्या एका बिअरच्या कारखान्यात कामाला आहेत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ते पालीला घरी आले, ते पाच किलो मॉल्ट घेऊनच. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली, भरडलेली बार्ली. घरी बिअर करून बघायची, विकायची नाही, एवढाच बेत होता.

"वहिनी, तुमी वडवणीच्या शाळेत विज्ञान शिकवता ना? मग सांगा, पाणी किती तापवू?"

"अहो भाऊजी, तुम्हीच तर कारखान्यात असता."

"तिथं मशीन ठरवतं. मी निस्तं बटन दाबतो."

त्यांना एवढंच माहीत होतं की मॉल्ट आणि पाणी मिसळल्यावर सदुसष्ट अंश यायला हवेत. त्या उष्णतेत तासाभरात पिठाची साखर होते. सत्तरच्या पुढं गेलं, तर जी साखर होते ती यीस्टला नीट पचत नाही आणि बिअर गोडूस राहते.

मला गंमत वाटली. हे तर आठवीतलं गणित! गरम पाणी जेवढी उष्णता देईल, तेवढी गार दाणा घेईल. दाण्याला तापायला पाण्याच्या साधारण चाळीस टक्केच उष्णता लागते, हे मोबाईलवर सापडलं. पाच किलो दाणा, पंधरा लिटर पाणी. दाण्याचं तापमान मी पंचवीस धरलं. उत्तर आलं, जवळजवळ त्र्याहत्तर.

चुलीवरच्या पातेल्यात पाणी त्र्याहत्तरला आल्यावर जाळ ओढला, मॉल्ट ओतलं, ढवळलं. थर्मामीटर साडेएकोणसत्तरला थांबला. मी घाबरले. थोडी उष्णता हवेत जाते, म्हणजे आकडा कमी यायला हवा होता. हा जास्त कसा?

गणित पुन्हा तपासलं. चूक सापडेना. मॉल्टचं पोतं जिथून काढलं ती उन्हानं तापलेली पत्र्याची खोली डोळ्यांपुढं आली, तशी उठले आणि रिकाम्या पोत्यात हात घातला. हाताला चांगलंच ऊन लागलं. तळाशी राहिलेल्या मूठभर भरड्यात थर्मामीटर खुपसला, तर त्रेचाळीस! पंचवीस अंशांचा दाणा माझ्या डोक्यात होता, पालीत नव्हता.

"आता काय करायचं हो?" दीर कासावीस झाले.

भाकरी थापत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "लई ऊन झालं आसंल तर इसन घाला की. आंगुळीला न्हाई का घालत?"

विसण, म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी! मी पाटीवर नवा हिशेब मांडला. माठातलं पाणी अठ्ठावीस अंश. किती लागेल? एक लिटर, वर थोडं. अर्ध्या लिटरचे दोन तांबे आणि वर थोडं घातलं, ढवळलं. पारा सावकाश उतरला आणि सदुसष्टवर थांबला. दीर हसले. मला मात्र त्या क्षणी जो आनंद झाला, तो वर्गात हे गणित फळ्यावर सोडवताना कधीच झाला नव्हता.

पाण्याच्या मापात मात्र चुकले. दाणा किलोमागे लिटरभर पाणी पिऊन बसतो, तेवढं धरलं होतं. वरून आणखी आठ लिटर ओतून दाणा धुतला आणि निघालेला रस दिरांनी आणलेली हॉप्सची कडू फुलं टाकून तासभर उकळला. तीन लिटर वाफ होईल असं धरून सोळा लिटर उरायला हवा होता, उरला तेरा. मेमधला कोरडा वारा आणि मोठा जाळ मी हिशेबात घेतलाच नव्हता.

गार झालेल्या रसात यीस्ट घालून पिंप ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि कूलरपुढं ठेवलं. तीन आठवड्यांनी बाटली उघडली. बिअर दाट होती, पिकल्या केळासारखा वास होता, पण गोडूस नव्हती. सासूबाईंनी घोटभर चाखली.

"कडू हाय," म्हणाल्या, "पन वाईट न्हाई."

परवा डिसेंबरात दिरांचा फोन आला, पुन्हा करायची म्हणून. मॉल्टचं नवं पोतं आलं, तसा मी आधी त्यात थर्मामीटर खुपसला. आकडा चौदा होता. मग वही उघडली.