नंबरबाईंचं ‘नाही’

पाणीपुरवठ्याच्या भांडारात बावीस वर्षं एक बाई होत्या. काहीही मागा, त्या खुर्चीवरून उठत नसत. समोरच्या लाकडी खोक्यातून कार्ड काढायच्या आणि जागा सांगायच्या. ‘‘सत्तेचाळीस, खालून दुसरा खण.’’ पुढे एक शब्द नाही. म्हणून नाव पडलं, नंबरबाई.

मी पंपघरात फिटर. बसून खाणाऱ्यांचा मला राग. पहिली दोन वर्षं मी बाईंना आळशीच समजत होतो. एकदा वेळेआधी भांडारात गेलो, तर बाई पेन्सिल घेऊन रॅकांमधून फिरत होत्या. काय नवीन आलं, काय हललं, काय संपलं. रोज दीड तास, भोंगा व्हायच्या आधी. आम्ही मागायला जायच्या आत त्यांचं शोधणं संपलेलं असायचं.

कार्डांची रीत त्यांची स्वतःची. ऑफिसच्या वहीत वस्तूचं नाव आणि पुढे जागा असे. पण वहीतलं नाव आम्हाला कुठे ठाऊक? बाईंनी उलटं केलं. कार्डाच्या माथ्यावर आमच्या तोंडचा शब्द, आणि खाली तो शब्द लागू पडेल त्या सगळ्या खणांचे नंबर. पंपाच्या दांड्यावर बसणाऱ्या पितळी तुकड्याला कुणी बुश म्हणे, कुणी कडं, कुणी बांगडी. कार्डं तीन, नंबर तेच. कुणी ‘पितळी बांगडी’ मागितली की ‘पितळी’ आणि ‘बांगडी’ ही दोन कार्डं शेजारी ठेवायची. दोन्हींवर असतील तेवढेच नंबर कामाचे.

असे चार निघाले तर पहिला कुठला? त्यासाठी ठिपके होते. वस्तू नेलेला फिटर ती बदलायला परत आला नाही, की त्या नंबरापुढे एक ठिपका. ठिपके जास्त, तो नंबर आधी. खरेदीवाले साहेब एकदा म्हणाले, ‘‘बाई, आमच्या नव्या मालापुढे चार ठिपके देऊन टाका की.’’

‘‘देते ना. आधी चार जण शिव्या न देता घेऊन जाऊ देत.’’

बाईंची भाची कॉम्प्युटरवर काम करायची. एका दुपारी मावशीचा विसरलेला डबा घेऊन आली आणि खोक्यापाशीच अडकली. मी नटबोल्ट घ्यायला आलेलो, तिथेच रेंगाळलो.

‘‘मावशी, हे तर सर्च इंजिन आहे.’’

‘‘हे खोकं आहे.’’

‘‘अगं, आपण फोनवर काही शोधतो ना, तेव्हा तेही काही जगभर धावत सुटत नाही. त्याचे प्रोग्राम आधीच पानापानांवर फिरून आलेले असतात. एका पानावर दुसऱ्याचा पत्ता मिळतो, की तिकडे जायचं. कुठला शब्द कुठल्या पानांवर, याची यादी तयार असते. आपण विचारलं की यादीत बघायचं.’’

‘‘आणि ठिपके?’’

‘‘तेही असतात, पुष्कळ प्रकारचे. एखाद्या पानाकडे दुसरी किती चांगली पानं बोट दाखवतात, हा त्यातला एक.’’

बाईंचा चहा गार झाला होता. ‘‘आणि जिथे ते फिरायला गेलंच नाही, तिथलं?’’

‘‘ते त्याच्या लेखी नाहीच.’’

बाईंनी तो गार चहा एका घोटात संपवला. मला वाटलं, डोक्यावरून गेलं असेल.

पंधरा दिवसांनी मोठ्या पंपाचं पितळी कडं फुटलं. अर्ध्या शहराचं पाणी त्या पंपावर, रुग्णालयही त्याच लाइनीवर. मी भांडारात धावलो. बाईंनी कार्डं काढली, खाली वर पाहिली. ‘‘नाही.’’

त्यांच्या ‘नाही’पुढे कुणी बोलत नसे. इंजिनिअरांनी बाहेर फोन लावला. नवं कडं यायला चार दिवस.

अर्ध्या तासाने बाई पंपघरात आल्या. त्यांना तिथे मी कधी पाहिलं नव्हतं.

‘‘मिस्त्री, बॅटरी घ्या. भांडाराच्या माळ्यावर जायचंय.’’

‘‘नाही म्हणालात ना?’’

‘‘कार्डात नाही. गुडघा गेल्यापासून दीड वर्ष मी माळ्यावर चढलेच नाही. तेव्हापासून वर टाकलेल्या मालाची कार्डंच नाहीत.’’ हे त्या इंजिनिअरांकडे बघून म्हणाल्या. ‘‘तरी सगळ्यांना ‘नाही’ सांगत आले.’’

इंजिनिअरांच्या कपाळाला आठ्या. मी म्हणालो, ‘‘तुम्ही खाली थांबा, मी बघतो.’’

‘‘तुम्ही एक कडं बघाल. मला सगळं लिहायचंय.’’

एकोणीस लोखंडी पायऱ्या. दर पायरीवर आधी उजवा पाय, मग डावा ओढून शेजारी. वर आमच्याच पंपाच्या बनावटीचा एक जुना पंप सुटा करून पोत्यांत भरून ठेवला होता. आणखीही बरंच. कार्ड नाही, म्हणून प्रत्येक पोतं उपसावं लागलं. मी बाहेर काढायचो, बाई लिहायच्या. एक तास चाळीस मिनिटं. खाली हेच काम दहा सेकंदांत व्हायचं; ते दहा सेकंद कुठून यायचे, ते माझ्या कमरेला त्या दिवशी कळलं.

अकराव्या पोत्यात तीन कडी निघाली. दोन झिजलेली. तिसरं मापून पाहिलं, बसत होतं.

संध्याकाळी सहाला पाणी सुटलं. इंजिनिअर बाईंना बरं म्हणाले नाहीत, वाईटही नाही. आम्ही दोघा फिटरांनी माळ्याच्या जिन्याला धरायला पाइप जोडून दिला. बाई दर सोमवारी वर जाऊ लागल्या.

नुसतं ‘नाही’ म्हणणं मात्र त्यांनी सोडलं. ‘‘माझ्या कार्डांत नाही,’’ म्हणायच्या आणि त्या बाजूला शेवटचं कधी फिरल्या ती तारीख सांगायच्या. घाईतला फिटर वैतागायचा. ‘‘बाई, आहे की नाही, तेवढं सांगा.’’

‘‘ते मला कुठे माहीत? मला माझी कार्डं माहीत.’’

निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेलो. भाचीने फोन घेऊन दिला होता. बाई आमचा जुना पंप बनवणाऱ्या कारखान्याचं नाव टाकून बघत होत्या. उत्तर आलं, काहीही सापडलं नाही.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन माझ्यापुढे धरला.

‘‘मिस्त्री, तारीख कुठे लिहिलीय बघा.’’

‘‘कसली?’’

‘‘हे तिकडे शेवटचं कधी फिरलं, त्याची.’’

मी वरपासून खालपर्यंत शोधली. कुठेच नव्हती.