मोनाचं फीड गप्प झालं तेव्हा

मोना डोंगरवार आमच्याकडे रुजू झाली त्या आठवड्यातच माझा पारा चढला. भिलाईतल्या आम्हा वकिलांच्या ग्रंथालयाला मुश्किलीनं एक कंत्राटी ग्रंथपाल मिळाली, आणि तीही मोबाईलवर बोट फिरवत बसलेली! मी तोंडावरच बोलले. ती चिडली नाही. तिनं फोन माझ्यापुढे धरला. त्यावर उच्च न्यायालयाचे निकाल, राज्याचं राजपत्र, कायद्याची नवी पुस्तकं, सगळ्यांची ताजी नावं ओळीनं लागली होती.

"हे फीड आहे, सुजाताताई. जिथं काही नवं निघते, तिथून त्याची ओळ आपोआप इथं येऊन पडते. मले एकेक वेबसाइट उघडत बसा लागत नाही."

म्हणजे दारात पेपर पडावा, तसंच. पण तिचं खरं काम पुढे सुरू व्हायचं. चरोद्याच्या आपल्या रेल्वे क्वार्टरमध्ये सकाळच्या पोळ्या उरकल्या की ती त्या ढिगातून निवडायला बसायची. जमिनीचे खटले चालवणाऱ्याला जमिनीचं, माझ्यासारख्या कौटुंबिक भांडणं लढवणारीला त्यातलं. आम्ही कोर्टाला निघायच्या आत प्रत्येकाच्या फोनवर दोन-तीन ओळी हजर: काय बदललं आणि तुमच्या कामाचं त्यात काय. मला सकाळी सकाळी इतकं उपयोगाचं दुसरं कोणी काही पाठवत नाही. बाकीचे गुलाबाची फुलं पाठवतात. नवं काही नसलं तर मोना तेही कळवायची, "आज राजपत्रात काही नाही." आम्ही निर्धास्त व्हायचो.

मार्चअखेर तिचं कंत्राट संपत होतं. ग्रंथालय समितीचे अध्यक्ष सूर्यकांत मुधोळकर दुर्गच्या जुन्या मराठी घरातले, पुस्तकाला कव्हर घातल्याशिवाय न उघडणारे. फोनवर सगळं आपोआप येतं तर ग्रंथपाल हवीच कशाला, हे त्यांचं मत साऱ्या बारला पाठ होतं. कंत्राट वाढवायचं की नाही, ते शनिवारी आम्ही समितीवाले ठरवणार होतो. मोनाला ही नोकरी मनापासून हवी होती. ग्रंथालयशास्त्र शिकून ती लग्नानंतर कितीतरी वर्षं घरी बसली होती, आणि आता कुठे लोक तिला नावानं ओळखायला लागले होते.

गुरुवारी ती माझ्याकडे आली, चेहरा पार उतरलेला.

"ताई, राजपत्र इतले दिवस गप्प बसत नाही. बदल्या, नेमणुका, काही ना काही येतेच. शंका आली म्हणून मी आज वेबसाइटच उघडून पाह्यली."

वेबसाइट नवी केली होती आणि फीडचा पत्ता बदलला होता. जुना पत्ता बंद पडूनही कसली तक्रार करत नव्हता, नुसता मुका झाला होता. जवळपास महिनाभर मोना आम्हाला "काही नाही" कळवत राहिली आणि तिकडे अंक निघत राहिले. त्यातल्या एका दुरुस्तीनं अपघात-भरपाईच्या अर्जासोबत लावायचे कागद बदलले होते.

"नवा पत्ता टाक," मी म्हटलं. "सुटलेलं सगळं हळूहळू रोजच्या ओळींत सरकव. शनिवार तेवढा पार पडू दे. कोणाच्या बापाला कळणार नाही." सल्ला द्यायला आम्हा वकिलांना वेळ लागत नाही.

"अन् कोणी जुन्याच कागदांवर अर्ज लावून देला तर?"

माझ्या टेबलाशी उभ्या उभ्याच तिनं सगळ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: गेला महिनाभर राजपत्राचं फीड बंद होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही, चूक माझी आहे. या काळात मी "काही नाही" लिहिलं, त्यावर विसंबू नका. सुटलेलं सगळं आज संध्याकाळपर्यंत देते. मला तिची काळजी वाटली आणि तिचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

पहिला फोन राजदीपचा. समितीतला सगळ्यात तरुण वकील आणि सगळ्यात मोठा आवाज. मलाही स्पष्ट ऐकू येत होतं. "मैडम, मेरी फाइल तैयार पड़ी है! आपके भरोसे बैठा था मैं!" खुर्सीपारच्या केवलरामची बोटं एका ठेकेदाराकडे काम करताना गेली होती. त्याचा भरपाईचा अर्ज राजदीप दुसऱ्याच दिवशी दाखल करणार होता. मोनानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही "पण" म्हटलं नाही. मग कुठला दाखला नवा लागेल, तो कोणाकडून आणायचा, हे सावकाश सांगितलं. शुक्रवारी राजदीपनं केवलरामला स्कूटरवर घेऊन अख्खी भिलाई पालथी घातली आणि अर्ज बिनचूक लागला.

शनिवारच्या बैठकीत सूर्यकांतजींनी तिचा मेसेज साक्षीदाराची जबानी वाचावी तसा मोठ्यानं वाचला. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"बाई, एक सांगा. तुम्ही मुकाट्यानं पत्ता बदलून टाकला असता, तर आमाले कधी समजलं असतं का?"

"नसतं समजलं, सर," मोना म्हणाली. "म्हणूनच तर सांगा लागलं."

कंत्राट वाढवायचं की नाही, याचा ठराव चिटणिसानं अजून पुरता वाचलाही नव्हता, तोच राजदीपचा हात वर गेला. मग माझा, मग बाकीच्यांचे. सगळ्यात शेवटी सूर्यकांतजींनी स्वतःचा हात वर केला. आमच्या नियमांप्रमाणे अध्यक्षांना मत नाही. मी हरकत घेतली नाही.